भिंतीला चुना किंवा मातीचा लेप दिला तर पावसाळ्यातली बुरशी थांबते का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: नागपुरात मानेवाड्याकडे तळमजल्यावर घर, सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. उत्तरेच्या खोलीत जुलै लागला की कपाटामागे काळी बुरशी धरते, आणि आईंना दमा आहे. चुना, माती किंवा खनिज रंग लावला तर भिंत दमटपणा शोषून घेईल का?

चुना किंवा खनिज रंग जरूर द्या, पण आहे त्या पेंटवरून देऊ नका. आणि भिंतीत पाणी कुठून येतंय ते आधी शोधा.

नागपूरच्याच महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात मी हे भोगलं आहे. विटा आणि चुन्यातल्या दीड फूट जाडीच्या भिंती. जुना गिलावा झडायला लागला म्हणून आम्ही तो काढून सिमेंटचा केला, वर पुट्टी, त्यावर महागडा वॉटरप्रूफ पेंट. दुसऱ्या पावसाळ्यात कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे सुटले आणि पोपड्यांमागे पांढरा खार. जमिनीतून भिंतीत चढणारं पाणी पूर्वी चुन्यातून हळूहळू उडून जायचं. ती वाट आम्हीच बंद केली होती. शेवटी साडेतीन फुटांपर्यंत सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करून घेतला. पाणी आजही चढतं, पण भिंतीत अडकून बसत नाही.

आता 'शोषून घेणं'. चुन्याची पातळ सफेदी जवळजवळ काहीच शोषत नाही. तिचा उपयोग वेगळा आहे. एक तर ती वाफेला अडवत नाही. दुसरं म्हणजे ताज्या विरवलेल्या (पाण्यात फोडलेल्या) चुन्याचा सामू, म्हणजे pH, १२ च्या आसपास असतो, आणि इतक्या क्षारात बुरशी जगत नाही. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुन्याची पुन्हा चुनखडी होत जाते आणि सामू खाली येतो. म्हणून एकदा लावला आणि विसरलो असं चुन्याचं नसतं. दरवर्षी दिवाळीआधी एक हात फिरवायची आपली जुनी रीत मला फार शहाणपणाची वाटते.

खरोखर दमटपणा धरून ठेवते ती चिकणमाती, तीही दीड-दोन सेंटीमीटर जाड गिलाव्यात. आंघोळ, स्वयंपाक, ओले कपडे यांची वाफ ती घेते आणि हवा कोरडी झाली की सोडते. हा रोजच्या चढउताराचा हिशोब झाला. नागपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दिवसचे दिवस दमट असते, तेव्हा माती भरते आणि भरलेलीच राहते. त्यात भुसा मिसळलेला असला तर त्यावरही बुरशी धरते. तुमच्या खोलीला मी मातीचा सल्ला देणार नाही.

सिमेंटच्या गिलाव्यावर सगळ्यात चांगला बसतो तो सिलिकेट रंग. पोटॅशियम सिलिकेटचा हा रंग जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये पेटंट केला. तो पापुद्र्यासारखा वर न बसता गिलाव्याशी रासायनिक रीतीने जोडला जातो, त्यामुळे पोपडे सुटत नाहीत आणि वाफही अडत नाही. महाग पडतो. पीओपीवर आणि जुन्या पेंटवर तो धरत नाही, म्हणजे पेंट आणि पुट्टी पूर्ण खरवडणं आलंच. चुन्यालाही तेच लागू. या कामात कंजुषी करू नका, पैसे इथेच वाया जातात.

पाणी कुठून येतं ते पाहायला फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर दोन दिवस चिकटवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर ओल हवेतली आहे. आपल्याकडे हवेतल्या ओलीचं मोठं कारण कूलर. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते तोवर ठीक, पण पहिले पाऊस झाल्यावरही खिडकीत कूलर चालू ठेवला तर तो थंडावा देत नाही, फक्त पाणी ओततो. मृग लागून पाऊस सुरू झाला की तो बंद करा, टाकी कोरडी करा. कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा. एक साधं आर्द्रतामापक आणून ठेवा. आकडा ६० टक्क्यांखाली राहिला तर उत्तम. भिंतीलगत तो दिवसचे दिवस ८० च्या वर राहिला की बुरशी आलीच समजा.

चुनाच लावायचा ठरवलात तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावा. मेच्या ४५ अंशांत तो पकडायच्या आत सुकतो आणि नंतर हाताला पावडर लागते. कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये विरवा. आधी पाणी घ्या आणि त्यात थोडा थोडा चुना सोडा, उलटं करू नका, तो उकळतो. डोळ्यांना चष्मा हवाच. मग काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या. भिंत ओली करून ताकासारखे पातळ तीन-चार हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. पेंटरला त्यात फेविकॉल घालू देऊ नका, भिंतीची छिद्रं बुजतात. ओलीच्या भिंतीला मीठही नको, ते पाणी ओढतं.

आणि कळकळीने सांगतो, खरवडायच्या दिवशी आईंना घरी ठेवू नका, नातेवाइकांकडे पाठवा. बुरशी कोरडी घासू नका. साबणाच्या पाण्याने ओली करून, मास्क लावून काढा आणि खरवडलेलं पिशवीत बांधून लगेच बाहेर न्या. खोली पूर्ण पुसून झाल्यावरच त्यांना परत आणा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: त्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे का? असेल तर पेंटरच्या आधी प्लंबरला बोलवा. आतली पाइप झिरपत असेल तर चुनाही टिकणार नाही आणि सिलिकेटही.