जुना सिरॅमिक टेबल लॅम्प हाती आला तर

आधी एक पथ्य पाळा: तो लावून बघू नका. जुन्या वायरचं आवरण वाळलेलं असतं, वाकवलं की तुकडे पडतात. बल्ब काढा, लॅम्प टॉवेलवर आडवा ठेवा आणि तळाला चिकटवलेलं फेल्ट (जाड मऊ कापड) कडेने हळूच उचला. बनवणाऱ्याचा किंवा देशाचा शिक्का बहुधा त्याखालीच दडलेला असतो. त्यात ‘जपान’च्या आधी ‘ऑक्युपाइड’ (म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातला) असेल तर काळ १९४५ ते १९५२. शिक्का नाही म्हणून लॅम्प टाकाऊ ठरत नाही. कित्येकांवर नुसतं कागदी लेबल असायचं.

मग वायरचं भोक बघा, इथे घाई नको. मुळातच लॅम्प म्हणून घडवलेल्या नगाचं भोक सहसा भट्टीआधीच पाडलेलं असतं. कडा गुळगुळीत, पुष्कळदा ग्लेझ (वरचा काचेसारखा चकचकीत थर) आतपर्यंत ओघळलेली. कड खडबडीत, ग्लेझचे टवके उडालेले, म्हणजे फुलदाणीला नंतर ड्रिल मारलंय. फुलदाणी नामांकित असेल तर त्या एका भोकाने किंमत पार कोसळते.

ग्लेझवरच्या केसासारख्या रेषांना घाबरू नका. आरपार तडा मात्र वेगळा. टिचकी मारा: अखंड भांडं खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. मधल्या नळीचा नट सैल करूनच हे करा, नाहीतर धडधाकट लॅम्पही बद्द वाजेल.

किमतीसाठी विक्रेते काय मागतात ते बघू नका, तसाच नग प्रत्यक्ष कितीला विकला गेला ते शोधा. जुळी जोडी सहसा दुपटीहून जास्तीला जाते. वायर खुशाल बदला. मूळ शेड आणि पितळी भाग मात्र जपा, आणि पितळेला पॉलिश नकोच.