कालवाचं अर्धं कवच

प्रिय सई,

नारळी पौर्णिमेला आजीने वेसाव्याच्या किनाऱ्यावरून फोन लावला होता. सोनेरी कागद लावलेला नारळ तिने दर्याला वाहिला, तो आपण इथे व्हँकुव्हरला बसून पाहिला. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आई, इथल्या लोकांनी समुद्रात बागा केल्या. आपण नारळ टाकण्याशिवाय काय केलं?" मी "जेवून घे" म्हणाले आणि उठून गेले. प्रश्न झोंबला होता. चार दिवस तो डोक्यात घोळतोय, म्हणून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर विचार.

शाळेत तुला सांगितलेल्या, इथल्या मूळ लोकांनी ब्रिटिश कोलंबियातल्या क्वाड्रा बेटावर केलेल्या शिंपल्यांच्या बागांबद्दल मग मीही वाचलं. ओहोटीच्या अगदी खालच्या रेषेला दगड लोटून बांध घालायचा, आत वाळू साठून सपाटी होते आणि शिंपल्यांना मानवणारी जागा वाढते. किमान ३,५०० वर्षांपासून हे चाललं आहे. वाचताना मला मोठ्या मामीचं माहेर आठवलं, पेणजवळ खारेपाटात. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे लांब बांध, पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी उघाडी, आणि घरापुढच्या तळ्यात खाडीतून पिल्लं आणून वाढवलेला जिताडा मासा. बांध घालणारी माणसं आपल्याकडेही आहेत, सई. पण ते आगरी. आम्ही वेसाव्याचे कोळी, आम्ही दर्यात बांध घातला नाही.

आमच्याकडे होती डोल. लांबलचक पिशवीसारखं जाळं, तोंड मोठं, शेपटाकडे निमुळतं. तळात ठोकलेल्या खुंटांना ते बांधायचं. ओढायला कुणी नाही, पाण्याचा जोरच मासळी आत आणतो. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, डोल भरायची. अष्टमीच्या आसपास, भांगाला, पाणी मंदावलं की जाळी घरी यायची आणि अंगणात शिवायला बसायची. तुझे आजोबा आम्हाला कधी तारीख सांगत नसत, तिथी सांगत. आपले खुंट जिथे, त्या जागेला कव म्हणतात. ती आजोबांकडे त्यांच्या वडिलांकडून आली होती. बोंबील आले की आम्ही पोरं वलांडीखाली, म्हणजे ते वाळवायच्या बांबूंच्या मांडवाखाली. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. माझ्या बोटांना त्यांचे बारीक दात लागायचे, आणि शाळेत माझ्या शेजारी बसायला मुली कुरकुरायच्या. हे तुला आधी सांगितलं नव्हतं.

पावसात होड्या वर ओढून शाकारलेल्या असायच्या, नारळी पौर्णिमेपर्यंत. आता मासेमारीवर सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. त्या दिवसांत पुष्कळ मासळी अंडी घालते, म्हणून आपले लोक शहाणे होते, असं मी तुला छातीठोक सांगणार होते. पण खरं सांगू? पावसात दर्या माणूस गिळतो. आधी भीती होती. मासळीला विसावा मिळाला तो त्या भीतीमुळे, की कुणी जाणून दिला, मला सांगता येत नाही. आणि डोलीचं शेपूट इतकं बारीक विणलेलं असतं की त्यात जवळा अडकतो, आणि जवळ्याबरोबर नखाएवढी पापलेटंही. ती मी स्वतः निवडून बाजूला टाकली आहेत. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं, ते जपायला हवं म्हणून. बातमी वाचली तेव्हा ती टोपली डोळ्यांपुढे आली.

एक गोष्ट मात्र मला चार दिवसांत सापडली. ओहोटीला तुझी आजी मला खडकांवर कालवं, म्हणजे ऑयस्टर, काढायला न्यायची. एक फटका, वरचं कवच उडायचं, आतलं मांस डब्यात. खालचं कवच खडकालाच चिकटलेलं राहायचं. मी लहान कालवांकडे हात नेला की ती म्हणायची, "बारकी हायत, ऱ्हाऊं दे." कालवाची पिल्लं जुन्या कवचावर बसायला बघतात, हे मी इथे येऊन वाचलं. आजीला ते ठाऊक होतं का? की अख्खं कालव खरवडत बसायला वेळ नव्हता, घरी चूल वाट बघत होती? तिच्या आईनेही तसंच काढलं, तिच्या आजीनेही. किती पिढ्या त्याच खडकांवर वाकल्या, कोण मोजणार? त्याला बाग म्हणायचं का, ते मी तुझ्यावर सोडते.

नारळाचंही तसंच. तो वाहिलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. आमच्या वेळी पोरं सूर मारून तो परत आणायची आणि फोडून खायची, आजी ओरडायची नाही. मला फक्त एवढं वाटतं की पुढच्या वेळी तू फोनसमोर माझ्याजवळ बसावंस. अभ्यास असेल तर राहू दे.

आणि कालवांचं आजीलाच विचार. सकाळी नको, तेव्हा ती बाजारात असते.

तुझी,
आई