तेराव्यानंतरचे दिवस

ताई, पैठणला गोदावरीत अस्थी विसर्जित करून आल्यावर आणि तेरावा उरकून पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर घर जसे अंगावर येते, त्याची कल्पना आपल्याला आधी कोणीही देत नाही. यजमान गेल्यानंतर माझे खरे दुःख तेव्हाच सुरू झाले. रडू आले नाही, तरी स्वतःला दोष देऊ नका. सातबाऱ्यावर वारस नोंद करण्यासाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचे असते; भावाला सोबत न्या, मात्र वाचल्याशिवाय सही करू नका. कुंकू आणि बांगड्यांचा निर्णय फक्त तुमचा आहे, असे माझे ठाम मत आहे; कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठरावच केला होता. पेरणीला, पोळ्याला, दिवाळीला दुःख पुन्हा उसळेल, पण म्हणून आतापर्यंतचे सावरणे वाया गेले असे समजू नका. सहा महिन्यांनंतरही झोप, जेवण आणि रोजची कामे थांबलेलीच असतील, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि जगणेच नकोसे वाटले तर त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी उठवा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. तो रात्रीही सुरू असतो.