लग्नाआधीचा करार झाला, आता कागद ठेवायचे कुठे?

प्रश्न: ताई, मी मडगावची, पुढच्या महिन्यात लग्न आहे. मालमत्ता वेगवेगळी ठेवायचा करार आम्ही दोघांनी सब-रजिस्ट्रारकडे जाऊन केला. एकच सर्टिफाइड कॉपी मिळाली, ती आईच्या कपाटात आहे. सासरी न्यायची का? हरवली तर करार रद्द होतो का? होणाऱ्या नवऱ्याचा पुण्यात फ्लॅटपण आहे.

उत्तर: अगं, कॉपी हरवली म्हणून करार रद्द होत नाही, ती धास्ती आधी काढून टाक. गोव्यात हा करार म्हणजे स्टॅम्पपेपरवर सह्या करून घरी ठेवलेला कागद नव्हे, सब-रजिस्ट्रार नोटरी म्हणून तो करून घेतो आणि मूळ डीड ऑफिसच्या वहीत राहतं, तुझ्याकडे आहे ती नक्कल. म्हणून जपायची खरी गोष्ट म्हणजे कुठलं ऑफिस, तारीख, वही नंबर आणि पान नंबर. हे दोघांच्या फोनमध्ये आणि आईकडे लिहून ठेवा, म्हणजे पंधरा वर्षांनीही दुसरी कॉपी काढता येईल, नाहीतर जुन्या वह्या शोधत बसावं लागतं. अजून दोन कॉप्या आत्ताच काढ, एक तुझ्या स्वतःच्या लॉकरमध्ये, एक त्याच्याकडे, आईकडची तिथेच राहू दे. स्कॅन डिजिलॉकरमध्ये टाकलास तरी ती सर्टिफाइड कॉपी ठरत नाही हं.

त्याआधी मात्र कॉपी आजच नीट वाच. नाव, गाव, घर नंबर, सगळं आधारशी आणि लग्नाच्या कागदांशी जुळतंय ना बघ, कारण 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासूनचा, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्याचा, नियम असा की लग्न झाल्यावर हा करार बदलता येत नाही. चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे, आणि लग्नाच्या नोंदणीच्या वेळी करार झालाय हे रजिस्ट्रारला सांगून कॉपी दाखव. हे नवऱ्यालाही आपणहून सांगायला लाव, तू एकटीने बोलत बसू नकोस.

ही कॉपी लागते तेव्हा घाईत लागते. करार नसेल तर गोव्याच्या कायद्याने सगळं दोघांचं अर्धंअर्धं धरतात, त्यामुळे उद्या तू तुझा प्लॉट विकायला गेलीस की नवऱ्याची सही कुठे विचारतील. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू आहे का असा प्रश्न असतो, बरेच गोवेकर सवयीने हो करतात आणि पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत वाटलं जातं. तुमची मालमत्ता तर वेगवेगळी, म्हणून तुझ्या सीएला कॉपी आधीच देऊन ठेव. पुण्याच्या फ्लॅटची कागदपत्रं त्याने कराराच्या कॉपीसोबतच ठेवावीत. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागतो, पण तिकडच्या सोसायटीला आणि बँकेला हे ठाऊक असेलच असं नाही.

आणि तुझं लग्नाआधीचं काय आहे त्याचे पुरावे एकत्र ठेव, सोन्याची बिलं, एफडीच्या पावत्या, जमिनीचा एक-चौदाचा उतारा (आपल्या गोव्यातला सातबारा). लग्नातलं सोनं वेगळं लिहून ठेव, कुणी काय घातलं ते नंतर कुणालाच नीट आठवत नाही.