पाळी संपली की लगेच दिवस राहतात का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळेस निम्म्याहून जास्त प्रश्न पाळीनंतरच्या दिवसांवरच आलेत. कोणाला दिवस राहायला नकोत, कोणाला हवेत आणि राहत नाहीत, पण गोंधळ दोघींचा एकच, की मोजायचं कुठून. नावं देत नाही, फक्त गाव आणि वय देते.

चाळीसगाव, वय 24 : मॅडम, लग्नाला दीड वर्ष झालं, आत्ता बाळ नकोय. पाळी चार दिवस असते आणि 24-25 दिवसांनी परत येते. पाळी संपल्यावर दोन दिवसांनी संबंध आले, काही वापरलं नव्हतं. जाऊबाई म्हणतात पहिले आठ दिवस काहीच होत नाही. खरंय का? खूप टेन्शन आलंय.

ताई, जाऊबाईंचं म्हणणं बऱ्याच जणींच्या बाबतीत बऱ्याचदा खरं निघतं, म्हणून तर ते घराघरात टिकलंय. पण तुमच्यासारखी लवकर पाळी येणारी बाई त्यात हमखास फसते.

आधी मोजणी. पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो पहिला दिवस, संपली तो नाही. म्हणजे तुमचे संबंध आले सहाव्या दिवशी. आता स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढची पाळी यायच्या साधारण 12 ते 14 दिवस आधी, मागच्या पाळीनंतर अमुक दिवसांनी असा त्याचा काही नियम नाही, आणि इथेच सगळ्यांचं चुकतं. 28 दिवसांनी पाळी येत असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, 24 दिवसांनी येत असेल तर दहाव्याच्या आसपास, आणि 21 दिवसांवर येत असेल तर थेट सातव्या दिवशी, म्हणजे कधी कधी अंगावरचं डाग लागणं थांबलं नाही तोच. बीज जगतं फक्त 12 ते 24 तास, पण पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. तुमचा सहावा दिवस आणि दहावा दिवस यात चारच दिवसांचं अंतर आहे, म्हणजे शक्यता आहे.

किती? अमेरिकेत दोनशेच्या वर बायकांच्या पाळीचा रोजच्या रोज लघवी तपासून अभ्यास झाला होता, त्यात बीज सुटायच्या पाच दिवस आधीच्या संबंधातून दिवस राहायची शक्यता 10 टक्के निघाली आणि बीज सुटायच्या दिवशी 33 टक्के. त्याच बायकांच्या आकड्यांवरून 2000 साली दुसरा शोधनिबंध आला, त्यात चौथ्या दिवसापर्यंतच 2 टक्के बायका दिवस राहू शकतील अशा काळात पोचलेल्या होत्या आणि सातव्या दिवसापर्यंत 17 टक्के. म्हणजे पाळीनंतरचा पहिला आठवडा कमी धोक्याचा आहे, बिनधोक नाही.

तुम्ही आता घाबरून झोप घालवू नका, जास्त शक्यता काही न होण्याचीच आहे. पाळीची तारीख चुकली की सकाळच्या पहिल्या लघवीवर घरीच टेस्ट करा, निगेटिव्ह आली आणि तरी पाळी नाही आली तर आठवड्याने परत करा. पॉझिटिव्ह आली आणि ठेवायचं नसेल तर डॉक्टरकडे या, मेडिकलवरून मिस्टरांना पाठवून गोळ्या मागवू नका. गर्भपात कायद्यात बसतो, तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि नवऱ्याची सही लागत नाही, तुमची एकटीची पुरते. गर्भ नळीत अडकलेला असताना कोणी त्या गोळ्या घेतल्या तर जिवावर बेततं, म्हणून एवढं बजावते आहे.

आणि पुढच्यासाठी दिवस मोजणं सोडा. निरोध, रोज घ्यायची माला-एन गोळी, आठवड्याला घ्यायची छाया गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा), तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, कॉपर टी, हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. गावातल्या आशाताईला विचारा, ती गोळ्या-निरोध घरी आणून देते. यातलं तुम्हाला काय चालेल ते तुमचं बीपी आणि आधीचे आजार बघून ठरवू.

रावेर, वय 28 : लग्नाला तीन वर्षं झाली, बाळ नाही. मिस्टर सुरतला कंपनीत आहेत, महिन्यातून तीन-चार दिवसच येतात. सासूबाई म्हणतात पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की लगेच दिवस राहतात, म्हणून ते पाळी झाली की लगेच येतात. पाळी 30-32 दिवसांनी येते. माझ्यात काही दोष आहे का?

ताई, दोषाचं नंतर बघू, आधी कॅलेंडर बघू. तुमची पाळी 30-32 दिवसांची, म्हणजे बीज सुटत असेल सोळाव्या ते अठराव्या-विसाव्या दिवसाच्या आसपास. मिस्टर येतात पाचव्या ते आठव्या दिवशी. ते सुरतेची गाडी पकडून परत जातात तेव्हा तुमचं बीज अजून तयार होत असतं, आणि ते सुटतं तोवर शुक्राणू कधीच संपलेले असतात. तीन वर्षं तुम्ही दोघं प्रयत्न करताय असं वाटतंय, पण खरं बघितलं तर योग्य दिवसांत तुमची भेटच झालेली नाहीये, आणि तोवर घरात बोलणी मात्र तुम्ही एकटीने खाल्ली असणार, हे मला न लिहिताही कळतं.

तर आता असं करा. मिस्टरांची सुट्टी बाराव्या ते अठराव्या दिवसात येईल असं बघा, जमलं तर आठवडाभर. रोज संबंध यायलाच पाहिजेत असं नाही, दिवसाआड पुरे. अंगावरून पांढरं जातं त्याकडे पण लक्ष ठेवा, एरवी ते चिकट-घट्ट असतं आणि बीज सुटायच्या आधीचे दोन-चार दिवस कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं पातळ, बोटांत ताणलं तर तार येणारं होतं, तेच तुमचे दिवस. हा आजार नाही, त्यावर औषध घेऊ नका. मेडिकलवर ओव्ह्युलेशनची पट्टी पण मिळते, ती लघवीवर करायची, पॉझिटिव्ह आली की पुढच्या एक-दीड दिवसात बीज सुटतं.

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आत्तापासून चालू करा, रोज 400 मायक्रोग्रॅम, बाळाच्या मणक्या-मेंदूसाठी ती दिवस राहायच्या आधीपासून लागते.

तपासणीचा नियम असा, की योग्य दिवसांत वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी करायची, बाईचं वय 35 च्या वर असेल तर सहा महिन्यांनीच. तुमचं तसं वर्ष अजून झालेलंच नाही, तरी मिस्टर पुढच्या वेळेस येतील तेव्हा त्यांची वीर्य तपासणी करून घ्या, त्याआधी दोन ते सात दिवस संबंध नकोत एवढंच पथ्य आहे. ना सुई ना दुखणं, आणि तरी आपल्याकडे बाईची सोनोग्राफी, रक्त, दुर्बीण सगळं होऊन जातं, मग शेवटी कधीतरी नवरा कप घेऊन लॅबमध्ये जातो. याचा मला फार राग येतो. मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वाटा खूप मोठा असतो, तपासणी दोघांची सोबतच सुरू झाली पाहिजे.

नंदुरबार-धुळ्याकडच्या ज्या आदिवासी मुली हे वाचत असतील त्यांच्यासाठी लगे हाथ सांगते, दिवस राहायच्या आधी नवरा-बायको दोघांनी सिकलसेलची (आईबापाकडून मुलांना येणारा रक्ताचा आजार) तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते.

पारोळा, वय 31 : कानबाईच्या सणाच्या वेळेस तारीख येत होती म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. बंद केल्यावर तीन दिवसांनी पाळी आली. आम्ही पाळीनंतरचे पहिले दिवसच वापरतो, दुसरं साधन नाही. या वेळेस चालेल का?

नाही चालणार. त्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या रक्तस्राव थांबवून धरतात आणि बंद केल्या की दोन-तीन दिवसांत अंगावर जातं. त्यानंतरचा महिना नेहमीच्याच हिशोबाने चालेल याचा भरवसा नाही, बीज लवकर सुटू शकतं, उशिरा पण. आणि या गोळ्या चालू आहेत म्हणजे गर्भ राहणार नाही असंही धरू नका. बंद केल्यावर आठ-दहा दिवसांत पाळी आलीच नाही तर टेस्ट करा. ज्यांना पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती, लिव्हरचा त्रास आहे, त्यांनी या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत.

श्रावणात नागपंचमी झाली की माझ्याकडे या गोळ्यांसाठी बायकांची रीघ लागते. रोटांची तयारी, पाहुणे, घरातली एकच करती बाई, सगळं समजतं मला. घ्यायची तर घ्या, पण स्वतःच्या मनाने ठरवून आणि एकदा दाखवून घ्या, सासूने किंवा नणंदेने हातावर ठेवली म्हणून गिळू नका.

धुळे, वय 20 : मी कॉलेजला आहे. इमर्जन्सी गोळी 72 तासांच्या आत घेतली. सहा दिवसांनी ब्लीडिंग झालं, तीन दिवस. मला वाटलं पाळी आली, म्हणून त्यानंतर चार दिवसांनी परत संबंध आले, काही वापरलं नाही कारण पाळीनंतर सेफ असतं. आता तारीख उलटून पाच दिवस झाले.

बेटा, टेस्ट आजच कर. गोळीनंतर आठवडाभरात जे अंगावर जातं ते बऱ्याचदा पाळी नसतंच, हार्मोनच्या धक्क्याने झालेला रक्तस्राव असतो. तिथून दिवस मोजायला सुरुवात केली की सगळा हिशोब कोलमडतो. आणि ही गोळी काम करते ती बीज सुटणं पुढे ढकलून. म्हणजे झालेल्या संबंधापुरतं तिने काम केलं, पण बीज आता पुढे सुटणार आणि तू नेमकी त्याच दिवसांत बिनसाधनाची. गोळी घेतल्यानंतर पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरायलाच पाहिजे, हे पाकीट देताना कोणी सांगत नाही.

टेस्ट निगेटिव्ह आली तर शेवटच्या संबंधाला तीन आठवडे पूर्ण झाल्यावर परत एकदा कर. पॉझिटिव्ह आली तर एकटी राहू नकोस, सरकारी दवाखान्यात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. लग्न झालेलं नाही म्हणून तुला कोणी परत पाठवू शकत नाही, तू 18 च्या वरची आहेस, घरच्यांची सही लागत नाही. एका बाजूला खूप दुखत असेल, चक्कर येत असेल तर टेस्टची वाट न बघता लगेच दवाखाना गाठ.

अमळनेर, वय 26 : बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं, पाळी अजून आली नाही. पाळीच नाही तर दिवस कसे राहतील?

राहतील ताई. पाळी येते ती बीज सुटून गेल्यावर, त्यामुळे बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पाळीच्या आधीच सुटू शकतं आणि बाई एकदाही पाळी न येता परत गरोदर राहते. अंगावर पाजण्याचं संरक्षण तीन गोष्टी एकदम असतील तरच : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचंच दूध, आणि पाळी आलेली नाही. तुमचं बाळ सातव्यात आहे, आता पेज-वरण पण चालू झालं असेल. आधी टेस्ट करा आणि मग कॉपर टी, छाया नाहीतर अंतरा घ्या, तिन्ही दुधाला चालतात.

यावल, वय 29 : दोन मुली आहेत. घरचे म्हणतात पाळीनंतर सम दिवशी संबंध आले की मुलगा होतो. आठवा, दहावा की बारावा, कोणता दिवस चांगला?

कोणताच दिवस मुलाचा नाही आणि कोणताच मुलीचा नाही. हे सम-विषम मनुस्मृतीच्या काळापासून चालत आलंय, तेव्हा शुक्राणू कोणी बघितलेच नव्हते. मुलगा की मुलगी ते गुणसूत्रावर ठरतं, बीजात एक्सच असतो, शुक्राणूत एक्स किंवा वाय, वाय आला तर मुलगा. तो कोणाकडून येतो? नवऱ्याकडून, आणि तो पण ठरवून देऊ शकत नाही. दिवसाने काही बदलत नाही.

2011 च्या जनगणनेत आपला जळगाव जिल्हा मुलींच्या कमी प्रमाणासाठी राज्यातल्या वाईट जिल्ह्यांत होता. मुलगा होण्याचं औषध म्हणून कोणी पुडी दिली तर खाऊ नका, पोटातल्या बाळाला त्याने व्यंग येऊ शकतं. तिसरं मूल तुम्हाला स्वतःला हवं आहे का, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे, दुसऱ्या बाळंतपणाला किती दिवस झाले, हे आधी कळवा, त्यावर मी नक्की बोलेन.

शिंदखेडा, पुरुष, वय 33 : बायकोच्या मोबाईलमधलं अ‍ॅप पाळीनंतर हिरवे दिवस दाखवतं. त्यावर भरवसा ठेवू का?

भाऊ, अ‍ॅपला फक्त मागच्या तारखा माहिती असतात. पुढची पाळी कधी येणार हे ते अंदाजाने धरतं आणि तिथून मागे मोजून रंग दाखवतं. ताप आला, लग्नसराईत जागरणं झाली, टेन्शन आलं, की बीज पुढे-मागे होतं आणि हिरवा तसाच हिरवा राहतो. वहिनींची पाळी कधी 26 कधी 35 दिवसांनी येत असेल तर अ‍ॅप अजिबात धरू नका. पण तुम्ही विचारलंत हे बरं वाटलं. निरोध पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि दर वेळेस वापरा, हिरव्या दिवशी पण. आणि दोन मुलं झाली असतील, आता नकोच असेल, तर बिनटाक्याची नसबंदी पुरुषाची असते, काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. त्यानंतर तीन महिने निरोध चालू ठेवायचा आणि वीर्य तपासून शुक्राणू शून्य आल्यावरच बंद करायचा.