छोट्या ओटीजीत अख्खी कोंबडी: वरून काळी, मांडीत कच्ची

वीस लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन), सव्वा किलोची अख्खी कोंबडी, दही-मध-काश्मिरी तिखट, २०० अंशांवर तासभर. वरून कोळसा, आणि मांडीचा सांधा उघडला तर लालसर पाणी. कोंबडी भाजताना काय चुकलं असं विचारताना तुम्ही लिहिलेलं हे सगळं अगदी ओळखीचं आहे. लहान ओटीजीत पहिली अख्खी कोंबडी बहुतेकांची अशीच होते. त्यात तुमचा हात कच्चा आहे असं काही नाही, तेव्हा रविवारी पुन्हा करायचा बेत रद्द करू नका.

मसाल्याबद्दल लिहीत नाही, तो तुमचा ठीकच आहे. फक्त मध आधी लावायचा नाही, शेवटच्या दहा मिनिटांत ब्रशने फिरवायचा. दह्यातली आणि मधातली साखर वरच्या रॉडखाली मांस शिजायच्या कितीतरी आधी जळते. दही घ्यायचंच तर चक्का करून, पातळ थरात.

खरी अडचण उंचीची आहे. अख्खी कोंबडी जाळीवर ठेवली की छाती वरच्या रॉडपासून जेमतेम तीन-चार बोटांवर येते, आणि सगळ्यात जाड, हाडाला धरून असलेली मांडी खाली सावलीत राहते. तापमान कमी करून वेळ वाढवला की छाती वाळते. म्हणून लहान ओटीजीत कोंबडी अख्खी ठेवूच नये, उघडून सपाट करावी (परदेशी पाककृतींत हिलाच स्पॅचकॉक म्हणतात). दुकानात सांगा, "तुकडे नकोत, फक्त पाठीचा कणा काढून द्या." घरी करायचं तर जाड कात्रीने शेपटाकडून मानेकडे, कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापत जा. मग छाती वर येईल अशी ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी मधल्या हाडावर जोर द्या. कट्‌ असा आवाज आला की ती सपाट बसते. आता मांड्या आणि छाती साधारण एकाच उंचीवर येतात आणि वेळही बराच वाचतो.

कातडीचं आधीच सांगून ठेवावं लागतं. आपल्याकडे पिसांबरोबर कातडीही ओढून काढतात, कारण ते झटपट होतं. कातडीसकट हवी असेल तर गरम पाण्यात बुडवून पिसं उपटावी लागतात, आणि गर्दीच्या वेळी दुकानदार त्याला तयार होत नाही. शनिवारी सकाळी लवकर जा. कातडीशिवायच मिळाली तर वरून तेल किंवा लोणी चोळा आणि पहिली वीस मिनिटं फॉइल सैल झाका. गावठी कोंबडी यासाठी घेऊ नका, ती रश्श्यालाच चांगली. कोरड्या आचेत चिवट होते.

मीठ वजनाच्या सव्वा टक्का. म्हणजे १२०० ग्रॅमला १५ ग्रॅम, साधारण अडीच सपाट चमचे (पोह्याचे नव्हे, ५ मिलीच्या मापाचे). कोंबडी आधी कागदाने कोरडी टिपा, मीठ चोळा आणि रात्रभर फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उघडी ठेवा. नळाखाली धुऊ नका, ते शिंतोडे ओट्यावरच्या कोशिंबिरीपर्यंत जातात. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन, हलक्या हाताने.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त कोंबड्या वाया जातात ते: डायल. डायलवर २०० लिहिलंय म्हणजे आत २०० आहेत असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. साध्या ओटीजीतला थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) स्वतःच्या जागेपुरतं तापमान ओळखतो. रॉड लागतो, बंद होतो, पुन्हा लागतो, आणि आतलं तापमान सतत वर-खाली होत राहतं. त्यात डायलच २०-३० अंशांनी चुकीचा असणं सर्रास आढळतं. केक थोडा करपला तर आपण रेसिपीला नावं ठेवतो. कोंबडीत मात्र हा फरक लपत नाही.

ऑनलाइन काही शे रुपयांत डायलचा ओव्हन थर्मामीटर मिळतो. तो रिकाम्या ओटीजीत जाळीच्या मध्यावर ठेवा, डायल २०० वर, दोन्ही रॉड चालू. ओटीजीवरचा, रॉड चालू असल्याचा दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही, भिंती अजून गार असतात. वीस मिनिटं जाऊ द्या. मग दिवा लागताना आणि विझताना काय आकडा दिसतो तो तीन फेऱ्या लिहून काढा आणि सरासरी घ्या. ती २३० आली तर तुमच्या ओटीजीचे खरे २०० हे डायलवर १७० च्या आसपास असतील. तिथे लावून पुन्हा पाहा आणि मार्करने खूण करा.

हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून होईल अशी आशा ठेवू नका. नाव घेत नाही, पण आम्हाला आलेला अनुभव संताप आणणारा होता. लिहिलेले आकडे दाखवले तरी माणूस ते बघायला तयार नव्हता. मशीन लावलं, हात धरला, "रॉड तापतायत ना? मग ओके आहे." तापमान मोजायला त्यांच्याकडे साधन नाही, आणि आपण नेलेला थर्मामीटर "बाहेरचा" म्हणून चालत नाही. तक्रार मात्र "सोडवली" म्हणून बंद! दीडशे आणि दोनशेमधला फरक ज्याला मोजता येत नाही त्याने ओव्हन दुरुस्त करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळीकडे असंच असेल असं म्हणणं नाही. तुमच्याकडे चांगला माणूस असेल तर जरूर दाखवा.

दुसरं साधन म्हणजे मांसात खुपसायचा प्रोब थर्मामीटर. ओव्हनचा आकडा चुकला तरी हा वाचवतो. मांडी जिथे अंगाला मिळते तिथल्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ अंश झाले की कोंबडी खायला सुरक्षित. मांडी मात्र ८० च्या पुढे गेली की जास्त मऊ लागते, आणि छाती ७४ च्या फार पुढे गेली की कोरडी पडते. म्हणून मांड्या ओव्हनच्या मागच्या, जास्त तापणाऱ्या बाजूला. प्रोब खरा आहे का हे बर्फाच्या पाण्यात ० दाखवतो का त्यावरून तपासा. उकळत्या पाण्यात मुंबईत १००, पण पुण्यात उंचीमुळे ९८ च्या आसपास यायला हवेत.

रंगावर जाऊ नका, दोन्ही बाजूंनी फसाल. काश्मिरी तिखटाने कच्चं मांसही भाजल्यासारखं दिसतं. उलट ब्रॉयलर कोंबडी वयाने लहान असते, तिच्या हाडांतून आतल्या मज्जेचा रंग झिरपतो आणि पूर्ण शिजलेली मांडीही हाडाजवळ लाल दिसते. फ्रोझन असेल तर जास्तच. घरी लहान मूल, गरोदर बाई किंवा वयस्क माणसं असतील तर ७४ शिवाय वाढूच नका, मग दिसायला कशीही असो.

खऱ्या २०० वर सपाट कोंबडीला ४० ते ५० मिनिटं. पस्तिसाव्या मिनिटाला पहिल्यांदा मोजा, त्याआधी दार उघडू नका, फॉइल झाकलं असेल तर फक्त ते काढण्यापुरतं. जाळी खालच्या खाचेत, तिच्याखालच्या ट्रेमध्ये कांदा-बटाट्याच्या जाड चकत्या आणि अर्धी वाटी पाणी, म्हणजे गळणारी चरबी धुरकटत नाही. पाणी जास्त घातलंत तर वाफेनं कातडी लोळागोळा होते. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, आणि घट्ट झाकूही नका.

कोणीतरी तुम्हाला शिट्टी-रिंग काढलेल्या कुकरचा सल्ला दिलाय. केकला ठीक आहे. कोंबडीला इतकं पाणी सुटतं की ती त्यात उकडते. ओटीजी नसता तर जाड कढईत लेग पीस आधी परतून, झाकण ठेवून, खाली तवा देऊन मंद आचेवर केले असते. तुमच्याकडे ओटीजी आहे, तोच वापरा.

आणि प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको. तासभर चालल्यावर वायर गरम लागत असेल तर आधी ते बघा. काढलेला कणा टाकू नका. आलं, मिरी, थोडं मीठ आणि चार वाट्या पाणी घालून कुकरला तीन शिट्ट्या काढा, रविवारी सुरुवातीला सूप होईल.