अ‍ॅपमधले 'इथे क्लिक करा'चे बलून दर रिलीजला तुटतात. बटणं ओळखायला एआयवालं टूल घ्यावं का? कोणतं?

घ्या. कोणतं ते मी सांगणार नाही, कारण प्रत्येक कंपनीचा डेमो तिच्या स्वतःच्या गुळगुळीत अ‍ॅपवर झकास चालतो. डेमो तुमच्या अ‍ॅपवर मागा, तोही सगळ्यात कटकटीच्या स्क्रीनवर.

खरं तर मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाखालचं वाक्य वाचून: "डेव्हलपर म्हणतात, आयडी द्यायला वेळ नाही, एआय बघून घेईल." (आयडी म्हणजे बटणाचं कोडमधलं पक्कं नाव.) हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलंय. अजून पचलेलं नाही.

मी डेव्हलपर नाही. एका सहकारी बँकेत आधी काउंटरला आणि मग ट्रेनिंगला होते. कोअर बँकिंग वेबवर आलं तेव्हा प्रत्येक शाखेत जाऊन शिकवणं शक्य नव्हतं, म्हणून स्क्रीनवरच पायरी-पायरीने बलून दाखवणारं टूल आलं आणि फ्लो, म्हणजे त्या बलूनची मालिका, बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिलं वर्ष साध्या सिलेक्टरवर गेलं. तुम्हाला माहीतच असेल, 'या ओळीतलं तिसरं बटण' असा पत्ता साठवला जातो. म्हणजे पोस्टमनला 'पिंपळापलीकडचं तिसरं घर' सांगायचं. मध्ये कोणी टपरी टाकली की पत्र टपरीवर. म्हणून मी बटणावरच्या मजकुरावरून ओळखायला लावलं. त्यात निम्म्या शाखा इंग्रजी स्क्रीन वापरायच्या आणि निम्म्या मराठी, म्हणजे प्रत्येक बटण दोनदा. मराठी स्क्रीनवर 'नुतनीकरण' असं छापलेलं होतं. एका रिलीजमध्ये कोणा सज्जनाने ते दुरुस्त करून 'नूतनीकरण' केलं आणि माझे सतरा फ्लो एका रात्रीत मेले. आयुष्यभर शुद्धलेखनाचा आग्रह धरलेल्या बाईवर अशी वेळ यावी!

मग टूलच्या कंपनीने एआय आणलं. त्याची रीत खरंच हुशार आहे. फ्लो बनवताना ते बटणाचा एकच पत्ता ठेवत नाही. मजकूर, प्रकार, क्लास (कोडमधलं गटाचं नाव), शेजारचं लेबल, वरचा डबा, स्क्रीनवरची जागा असं सगळं टिपून ठेवतं. चालवताना समोरच्या प्रत्येक बटणाला गुण देतं आणि सगळ्यात जास्त गुणवाल्यावर बलून टेकवतं. दोन रिलीज एकही फ्लो तुटला नाही. मी पेढे वाटायच्या बेतात होते.

तिसरा रिलीज मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला. (मार्च एंडला रिलीज कोण करतं? आमचे लोक करतात.) दुपारी साडेचारला एका तालुक्याच्या शाखेतून फोन. "ताई, तुमच्या बाणावर दाबलं, आता व्याज कापून रक्कम दिसतेय. आजोबा समोर बसलेत, काय करू?"

आजोबांना मुदत ठेवीवर कर्ज हवं होतं. नव्या रिलीजमध्ये 'ठेव तारण' हे बटण त्या ओळीतून उचलून 'इतर व्यवहार' या मेनूत टाकलं होतं. म्हणजे मेनू उघडेपर्यंत ते स्क्रीनवर नव्हतंच. एआयने उरलेल्यांतलं सगळ्यात मिळतंजुळतं शोधलं: तीच ओळ, तोच निळा रंग, तोच क्लास, डावीकडे तेच 'ठेव क्रमांक'. फक्त मजकूर वेगळा. मजकूर होता 'मुदतपूर्व बंद'. नंतर लॉग काढला तर टूलची खात्री ८१ टक्के.

पासिंग ऑफिसरने नोंद नाकारली म्हणून ठेव वाचली. मेकर-चेकर (एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची) नसता तर आजोबांची ठेव मी मोडली असती, घरबसल्या, बाण दाखवून. जुना मुका सिलेक्टर असता तर बलून दिसलाच नसता, शाखेतल्या मुलीने मला फोन केला असता आणि मी शिव्या खाऊन मेनू सांगितला असता. दोन मिनिटांचं काम.

एआय बटण शोधण्यात पटाईत आहे. 'ते इथे नाहीच' हे म्हणणं त्याला जड जातं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मी चाळीस बटणांची यादी नेली आणि म्हटलं, सर, यांना प्रत्येकी एक 'डेटा-' अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे कोडमधलं न दिसणारं नाव, द्या. रंग बदला, जागा बदला, भाषा बदला, शुद्धलेखन सुधारा, ते नाव तेवढं हलवू नका. डेव्हलपमेंटचे प्रमुख हसले. "मॅडम, एवढं महाग टूल घेतलंय, आता एआय बघून घेईल. ट्रेनिंगने एचटीएमएलमध्ये कशाला शिरायचं?"

उत्तर तेव्हा सुचलं नव्हतं, आता देते. सर, ज्या बटणाला धड नाव नाही ते एआयला दिसत नाही तसं दृष्टिहीन कर्मचाऱ्यालाही दिसत नाही. नुसतं चित्र असलेल्या बटणाला लेबल नसेल तर एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (स्क्रीन मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) काय वाचतो? 'बटन'. एवढंच. ॲपलने २०२० साली आयओएस १४ मध्ये पिक्सेल बघून बटणं ओळखणारी सोय व्हॉइसओव्हर या आपल्या स्क्रीन रीडरमध्ये दिली, ती कशासाठी? अ‍ॅप बनवणाऱ्यांनी लेबलं दिली नव्हती म्हणून. त्या मॉडेलला शिकवायला ७७ हजारांहून जास्त स्क्रीन माणसांनी हाताने खुणा करून दिल्या. एका ओळीचा आळस निस्तरायला एवढा खटाटोप. आणि तुमच्याकडे सोर्स कोड असताना तुम्ही तोच खटाटोप विकत घेताय.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते.

एआयला रिलीजच्या आधी कामाला लावा. यूएटीवर (रिलीजआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) नवीन बिल्ड आला की सगळे फ्लो त्याच्याकडून चालवून घ्या, कुठलं बटण हललं आणि नवा पत्ता काय असावा हे त्याने सुचवावं, आणि मंजुरी माणसाने द्यावी. बँकेत चेकर चालतो तर इथे का नको? प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, खात्री कमी पडली तर बलून दाखवायचाच नाही, आणि ही रेघ सगळ्या बटणांना एकच नसावी. 'शोधा' चुकलं तर कोणाचं काही जात नाही. पैसे हलवणाऱ्या, पुसणाऱ्या, बंद करणाऱ्या बटणांसाठी मजकूर जुळलाच पाहिजे अशी सक्ती ठेवा. आमच्या टूलमध्ये ती सोय सेटिंगच्या तिसऱ्या पानावर होती आणि डेमोत कोणी दाखवली नव्हती.

आता थोडं उलटंही सांगते, नाहीतर कोणी म्हणेल बाईंचा एआयवर राग आहे. अ‍ॅप तुमचं नसेल, म्हणजे सेल्सफोर्स किंवा एसएपीसारखं विकत घेतलेलं असेल, तर माझं आयडी पुराण निरुपयोगी आहे. तिथे एचटीएमएलला तुम्ही हात लावू शकत नाही, शॅडो डॉम (पानाचा बाहेरून झाकलेला भाग) आणि आपोआप बदलणारे आयडी यांत साधा सिलेक्टर टिकत नाही, एआयच लागतं. असेच बलून दाखवणारं टूल बनवणारी वॉकमीसारखी कंपनी एसएपीने २०२४ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलरला उगाच नाही घेतली. कॅनव्हासवर (जिथे बटणं नुसती चितारलेली असतात) किंवा रिमोट डेस्कटॉपमध्ये चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला तर स्क्रीनचं चित्र बघण्यावाचून इलाजच नाही. फक्त ते चित्र कुठे जातं हे लेखी घ्या. आमच्या स्क्रीनवर खातेदाराचं नाव, शिल्लक आणि सही असते.

आमच्याकडे चाळीसपैकी अडतीस बटणांना नावं मिळाली, वर्षभराने, ते सर दुसरीकडे गेल्यावर. नव्या मुलाने दीड दिवसात उरकलं.

तुमच्या डेमोत एक करा. फ्लो बनवून घ्या, मग डेव्हलपरकडून ते बटण लपवून घ्या आणि शेजारची तशीच राहू द्या. फ्लो परत चालवा. टूल गप्प बसलं तर पुढची बोलणी करा. बाण शेजारी टेकला तर कंपनीचा माणूस काय बोलतो ते मला नक्की कळवा.